अकरा घरांच्या किल्ल्या

पोलादपूरच्या स्टँडवर पहाटे चारला उतरलं की पहिली दोन मिनिटं काही सुचत नाही. पनवेलला रात्री एसटीत शिरलेलं अंग अजून महामार्गाच्या खड्ड्यांच्या तालात हलत असतं. मग महाबळेश्वरच्या अंगाने उतरणारी गार हवा मानेला लागते, टपरीवरचा स्टोव्ह फरफरायला लागतो आणि आपण शुक्रवारच्या ऑफिसातून शनिवारच्या गावात आलोय हे पटतं. वाडीकडे जायला मिनीडोर उजाडल्याशिवाय हलत नाही. तोवर स्टँडच्या बाकड्यावर आमच्यासारखेच पाचसहा जण पाठीवरची सॅक उशाला घेऊन बसलेले असतात. सगळ्यांचं एकच वेळापत्रक : शुक्रवारी रात्री यायचं, रविवारी रात्री जायचं.

वाडीत पोचलो की मी आधी माझ्या घरी जात नाही, काकीकडे जातो. माझ्या घराची किल्ली तिच्याकडे असते. तिच्या ओटीवरच्या खुंटीला एक जुडगा टांगलेला आहे आणि त्यात अकरा घरांच्या किल्ल्या आहेत. काकी शाळेत गेलेली नाही, म्हणून तिने प्रत्येक किल्लीला वेगळी चिंधी बांधली आहे. आमची निळी, माझ्या आईच्या लुगड्याची. वरच्या आळीतल्या एका घराची खाकी, कारण तिथला मुलगा पोलिसात गेला. एक पिवळी, त्या घरातल्या शेवटच्या लग्नातल्या हळदीच्या कापडाची.

"कवा निघालास?" असं विचारून काकी निळी चिंधी चाचपते आणि जुडग्यातून किल्ली सोडवत म्हणते, "चा घेऊन जा. तुझ्या घरात चूल पेटायला वेळ हाय."

वाडीत चोवीस घरं. अकरा कुलपात. उरलेल्या तेरांपैकी निम्म्यांत एकेकटी म्हातारी माणसं. गेली बारा वर्षं मी महिन्यातून दोनदा ठाण्याहून इथे येतो. या येण्याजाण्यावर लिहायचं ठरवलं, तेव्हा रस्त्यावर, एसटीवर, नोकरीवर लिहावं लागेल असं वाटलं होतं. लिहिताना लक्षात आलं की सगळं शेवटी त्या खुंटीपाशी येऊन थांबतं.

छत्तीस तास

कुलूप उघडल्यावर पहिला येतो तो वास : ओली माती, उंदराच्या लेंड्या, बंद हवेला आलेला कुबट आंबूसपणा. मग कामांची ठरलेली उतरंड. मेन स्विच वर करायचा. काठीने कोपरे आपटायचे, कारण पावसाळ्यात घरात कोण वस्तीला असेल सांगता येत नाही. दाराच्या फटीतून आत सरकवलेलं विजेचं बिल आणि घरपट्टीची पावती उचलायची. पत्र्याच्या पेटीतली वळकटी उन्हात टाकायची. वाशांवर वाळवीची मातीची रेघ कुठवर चढली ते बघायचं. शनिवारी तलाठ्याकडे जायचं तर बहुधा कार्यालय बंद. आमच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं आहेत. त्यांतली सात माणसं हयात नाहीत आणि तिघांचा पत्ता कुणाला ठाऊक नाही. वारसनोंदीसाठी म्हणून मी कितीदा रजा टाकली याचा हिशेब ऑफिसने ठेवला असेल, मी ठेवलेला नाही.

रविवारी दुपारी हेच सगळं उलट. वळकटी पेटीत, स्विच खाली, देवासमोर दिवा, कुलूप. पिशवीत नाचणीचं पीठ, कडवे वाल, आमसुलं आणि हंगामात अळूची पानं. बायको म्हणते, "तुम्ही गावाला राहायला जात नाही, गाव तपासायला जाता." तिचं बरोबर आहे. पण तपासणं थांबलं तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे. आमच्या शेजारचं घर तीन पावसाळे उघडलं नाही. चौथ्या वर्षी त्याचं आढं खचलं.

कौलारू घर पैशाने टिकत नाही, वावराने टिकतं. चूल रोज पेटली की धूर वर चढतो, वासे आणि रिपा सुकलेल्या राहतात, कीड दूर राहते. जमीन सारवली की तिच्या भेगा बुजतात. माणूस चालताफिरता असला की गळणारं कौल पहिल्या सरीलाच कळतं आणि एक कौल सरकवून काम भागतं. कुणी नसलं तर तेच पाणी महिनाभर एकाच वाशावर पडतं. इथे पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. अशा मुलखात घराला सुट्टी नसते. म्हणून तर पूर्वी वैशाख संपायच्या आत घर शाकारायचं काम आधी, लग्नकार्यं नंतर. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून ज्यांनी स्लॅबची घरं बांधली, त्यांना वाटलं यातून सुटलो. आता त्या स्लॅबला ओल धरते म्हणून त्यावर पत्र्याची शेड चढली आहे. एका घराला दोन छपरं, आणि खाली राहायला कुणी नाही.

बोटीने गेलेली माणसं

हे दोन ठिकाणी जगणं आमच्या पिढीने शोधलेलं नाही. महाड-पोलादपूरला त्याची जुनी सवय आहे. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचं गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या कोंढाण्याच्या लढाईत ते पडले आणि त्यांचा देह सह्याद्री उतरून उमरठला आणला गेला. ज्या वाटेने आणला तिला मढे घाट म्हणतात, असं परंपरा सांगते. शाळेत आम्हाला तानाजी शिकवले ते गड घेणारे म्हणून. आमच्या वाडीत म्हातारी माणसं गोष्टीचा दुसरा भागही तेवढ्याच जोराने सांगतात : कामावर गेलेल्या माणसाला अखेर गावात आणलं.

मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून माणसांची रीघ लागली. सावित्रीच्या खाडीवरचं दासगाव बंदर हा त्यांचा दरवाजा होता. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की लावणीला गावी न गेलेला नवरा मुंबईत आणि बायको गावात, अशी चार महिने ताटातूट पक्की. गिरणगावात एकेका खोलीत गावचे वीस-वीस जण राहात. दिवसपाळीचे उठले की रात्रपाळीचे त्याच जागेवर अंग टाकत. जेवण खानावळीत, सामान एका ट्रंकेत, पत्ता गावकीच्या खोलीचा. लावणीला आणि लग्नसराईला माणसं गावी जात आणि त्यांच्या जागी बदली कामगार उभे राहात. गिरणीलाही हे ठाऊक होतं. कामगाराचा एक पाय शेतात आहे हे धरूनच तिचा हिशेब चाले, आणि त्या शेतामुळेच ती पगार कमी ठेवू शकत होती.

या वाटेने फक्त मनीऑर्डरी आल्या नाहीत. महाड तालुक्यातल्या लाडवलीत १९०३ मध्ये जन्मलेले, दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठीच झगडावं लागलं. पुढे मुंबई आणि महाड यांच्यात येजा करतच त्यांनी १९ आणि २० मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेची जुळवाजुळव केली. त्याच परिषदेतून लोक चवदार तळ्यावर गेले. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि प्रतिनिधी मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरमार्गे गाड्या नाकारल्या जातील अशी शक्यता होती. म्हणून ते 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तिथून पायी महाडला गेले. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली गेली, ती बोटीने आलेल्या माणसांच्या साक्षीने. शहरात काम करून आलेला माणूस गावात परत पहिल्यासारखा मान खाली घालून वागत नाही, हे महाडने फार लवकर पाहिलं.

माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा ते वळकटी घेऊन गावी आले ते महिना-दोन महिन्यांसाठी. गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. पण त्यांना आणि त्यांच्यासारख्या हजारोंना परत यायला घर होतं, शेत होतं, चूल पेटती होती. ती चूल पेटती कुणी ठेवली होती?

दोन जागा, दोन माणसं

चाकरमान्याच्या आयुष्याबद्दल आपण लिहितो तेव्हा त्याने दोन घरं सांभाळली असं लिहितो. हिशेब तपासला तर त्याने एकच सांभाळलं, मुंबईचं. दुसरं आईने सांभाळलं. राब भाजणं, पेरणी, चिखलणीला बैलजोडीची जुळणी, मुठी वाहून लावणी, बेणणी, कापणी, झोडणी, शिवाय गुरं, सासूसासरे, आम्ही चार भावंडं आणि गावकीचे मानपान. वडील गणपतीला आणि शिमग्याला यायचे तेव्हा सारवलेलं अंगण, भरलेली कणगी आणि पेटलेली चूल तयार असायची. त्यांना वाटायचं, घर जागच्या जागी आहे. घर जागच्या जागी राहण्यासाठी कुणीतरी दिवसाला सोळा तास राबत होतं.

आकडेही हेच सांगतात. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या. मुलींचं प्रमाण जास्त म्हणून नव्हे, तर कमावते पुरुष मुंबईत म्हणून. पुढच्या जनगणनेत, २०११ ला, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्याच घटली. आता बायकाही निघाल्या होत्या. रायगड जिल्ह्याच्या बेरजेत हे दिसत नाही, कारण पनवेलच्या टॉवरांनी ती फुगवलेली असते. पण महाडच्या वरच्या खोऱ्यांत आणि पोलादपूरच्या वाड्यांत फिरलं की कुलपं मोजून ते कळतं.

बायका निघाल्या याचं मला दुःख नाही. माझ्या बायकोने माझ्या आईसारखं जगावं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? शहरात तिला नळ आहे, नोकरी आहे, मुलीला कॉलेज आहे. गावात एवढ्या पावसानंतरही एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात आणि वाडीवर टँकरची वाट बघावी लागते. नेमकी तेव्हाच मुलांना सुट्टी असते. पण जे काम आई करायची ते संपलेलं नाही. तेच मी महिन्यातून चार दिवसांत उरकायला बघतो आणि दर वेळी हरतो. नाचणी लावायची म्हटलं तर रानडुकरं आणि माकडं राखण मागतात. राखण शनिवार-रविवारची चालत नाही.

रस्ता

सगळा भार रस्त्यावर आहे आणि रस्त्याचा भरवसा नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आता ती कॉलेजात आहे. या काळात वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव ही आमच्यासाठी गावांची नावं राहिली नाहीत, ती कोंडीची नावं झाली. कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि महाडला वीर स्टेशन मिळालं. पोलादपूरला मात्र रेल्वे शिवत नाही. ती वीर, करंजाडी, विन्हेरे करत खेडकडे निघून जाते. कशेडीच्या बोगद्यातली एक बाजू २०२३ च्या गणपतीच्या तोंडावर हलक्या वाहनांना उघडली. खेड-चिपळूणकरांचा वेळ वाचला. आम्ही त्याच्या अलीकडेच उतरतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा पूल पुरात कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि काही वाहनं अंधारात नदीत गेली. दोन्ही एसटी मुंबईकडे निघालेल्या. म्हणजे गावाहून कामावर परतणारी माणसं. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला झाला. आजही गाडी त्या पुलावर आली की झोपेतले प्रवासी क्षणभर डोळे उघडतात. कुणी हात जोडतं, कुणी नुसतंच खिडकीतून खाली बघतं.

गणपतीत मात्र याच रस्त्याचं रूप बदलतं. गावच्या मुंबई मंडळाने गट आरक्षण केलं की एसटी थेट वाडीच्या तोंडाशी येते. पन्नास माणसं, पंचवीस मखरं, चारदोन ढोलकी. त्या आठवड्यात अकराच्या अकरा कुलपं उघडतात. आरतीला ओटीवर उभं राहायला जागा नसते. मुलं विचारतात, आपण इथेच का राहात नाही? या प्रश्नाचं उत्तर सातव्या दिवशी पनवेलच्या कोंडीत मिळतं.

ज्या वर्षी सगळे आले

एकदा ते खरंच राहिले. २०२० च्या मार्चनंतर मुंबईतून माणसं मिळेल त्या वाहनाने, काही तर चालत निघाली. शाळेच्या खोल्यांत चौदा-चौदा दिवस काढून ती घरात शिरली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्याकडेही पत्रे उडाले, पण त्या वर्षी पत्रे बसवायला माणसं होती. ओसाड पडलेली चार दळ्यांची जमीन नांगरली गेली. माझा चुलतभाऊ लॅपटॉप घेऊन टेकावरच्या आंब्याखाली बसायचा, कारण नेटवर्क तिथेच यायचं. मीटिंगमध्ये कोंबडा आरवला की साहेब हसायचे. वर्षभराने ऑफिसने बोलावलं. तो गेला आणि आंब्याखाली त्याने ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची अजून तिथेच आहे.

त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात, २२ जुलै २०२१ ला, महाड शहर पुरात बुडालं. महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूरच्या केवनाळे आणि सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. सोळा वर्षांपूर्वी, २००५ च्या जुलैत, दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे हेच झालं होतं. तीन दिवस काकीचा फोन लागला नाही. ठाण्यात पंख्याखाली बसून मी टीव्हीवर आमचाच डोंगर शोधत होतो. चौथ्या दिवशी आवाज आला, "आम्ही हाय. तुझ्या मागल्या दाराला पाणी लागलंवतं, मी माती वढली." वर डोंगर खचत होता आणि ती माझ्या मागल्या दारची माती ओढत होती. तेव्हापासून 'गावचं घर विकून टाकू' हे वाक्य आमच्या घरात अर्ध्यावर थांबतं.

तिसरीही एक तऱ्हा आहे आणि ती मला जास्त हुशारीची वाटते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत आमच्या वाडीचे तिघे जातात. पहिली पाळी असली की दुपारी चारपर्यंत परत. मग लावणी. त्यांतल्या पुतण्याला विचारलं, कसं जमतं? म्हणाला, "काका, दुपारपर्यंत अंगाला औषधाचा वास, रातच्याला चिखलाचा. बायको म्हणते, चिखलाचा बरा." नोकरी कंत्राटी आहे, पगार बेताचा आहे आणि रसायनांच्या भट्टीजवळ उभं राहण्याची भीती आहेच. पण त्याच्या घराची किल्ली जुडग्यात नाही. दोन जागांमधलं अंतर दोनशे किलोमीटरऐवजी पंचवीस झालं, तर बहुतेक वाद मिटतात. त्यासाठी लागणारं काम तालुक्यातच मिळायला हवं, एवढीच अडचण.

बंद दारापुढे पालखी

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, पुढे खालूबाजा. दारात रांगोळी, पाट, ओटीचं सामान. मागच्या शिमग्याला मी सोबत होतो. खाकी चिंधीच्या घरी कुणी येऊ शकलं नव्हतं. बंदोबस्त लागला असेल. पालखी थांबेल की पुढे जाईल, मला कळेना. वाजंत्र्यांनी ताल धरून ठेवला. काकी पुढे आली, जुडग्यातून किल्ली काढली, दार उघडून आत दिवा लावला आणि पदराखालच्या नारळाने देवीची ओटी भरली. गुरवाने त्या घरच्या कर्त्याचं नाव घेऊन गाऱ्हाणं घातलं. पुढच्या घरी तेच. त्या संध्याकाळी तिने सात ओट्या भरल्या. त्यातली फक्त एक तिच्या स्वतःच्या घरची होती.

मी नारळांचे पैसे देऊ केले तर ती रागावली. "मानाचे पैसे घेत्यात व्हय?"

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रश्न आला, की काकीनंतर काय? तो मी कुणाला विचारला नाही. वाडीत प्रत्येकाला तो पडलेला असावा, कारण काकीचा गुडघा कसा आहे हे मुंबईतून सगळेच विचारत असत.

यंदा लावणी आटोपल्यावर गुडघ्याने उत्तर दिलं. शस्त्रक्रिया सांगितली. मुलगा डोंबिवलीला घेऊन निघाला, त्या रविवारी मीही गावात होतो. मिनीडोरमध्ये बसल्यावर तिने कनवटीचा जुडगा सोडून माझ्या हातात दिला. आता तो बारा घरांचा होता. तिच्या किल्लीला चिंधी नव्हती. तशी कधी गरजच पडली नव्हती.

रात्रीच्या गाडीने जुडगा ठाण्याला आला. आमच्या फ्लॅटच्या दाराशी, चपलांच्या स्टँडवर खिळा होता, तिथे टांगला. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात फोन सुरू झाले : "किल्ली तुझ्याकडे का?" बहुतेक घरांचे मालक लोकलने तासाभराच्या अंतरावर राहतात. ठाणे स्टेशनवर, इंडिकेटरखाली, मी एकेकाला एकेक किल्ली दिली. खाकी चिंधीवाला ड्युटीवरून थेट आला होता. त्याने किल्ली घेतली आणि खिशात टाकण्याआधी नाकाशी नेली. चिंधीला काकीच्या चुलीचा धूर लागलेला आहे. लोकल लागली तसा तो काही न बोलता चढला.

गणपती झाले आणि सगळ्या किल्ल्या परत माझ्या खिळ्यावर आल्या. ठाण्यात धूर नाही. वास उतरत चालला आहे. मुलगी म्हणाली, बाबा, या चिंध्या किती मळल्यात, मशीनला लावू का? मी डोंबिवलीला फोन लावला. गुडघा वाकतोय का ते विचारलं आणि सहज म्हणून तेही सांगितलं.

पलीकडे काकी एकदम सावध झाली.

"धू नको हां त्या. रंग जाईल. मग मला वळखायच्या न्हाईत."